आधी टायर, मग ताकद : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : धाकटा भाऊ नागोयात नोकरीला आहे. त्याने जुनी टोयोटा ८६ घेतली आणि मॉडिफिकेशनसाठी ३ लाख येन बाजूला काढलेत. त्याला आधी एक्झॉस्ट बदलायचाय. बरोबर आहे का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : एक्झॉस्टला सध्या हात लावू नये. ८६चं २ लिटरचं इंजिन बिनटर्बोचं (हवा दाबून भरणारा पंखा नसलेलं) आहे, २०० पीएसचं (पीएस म्हणजे अश्वशक्ती). नुसता मागचा सायलेन्सर बदलून अशा इंजिनातून आवाज मिळतो, ताकद जेमतेम वाढते. त्यात लाख-दीड लाख येन घातले तर टायर-ब्रेक झाल्यावर हातात फारसं काही उरत नाही. घाट उतरताना भिस्त टायर-ब्रेकवरच असते, म्हणून आधी तेच.

पहिल्यांदा चार चांगले टायर घ्यावेत (मूळ माप २१५/४५ आर १७). साधारण लाखभर येन लागतील. मग चारी चाकांचे ब्रेक पॅड आणि नवं डॉट ४ ब्रेक ऑइल, मजुरीसकट पन्नासेक हजार. जुनं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून बसलेलं असतं. उतारावर तापलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल दाबलं तरी गाडी थांबत नाही.

उरलेल्या दीड लाखात कॉइलओव्हर (गाडीची उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअब्सॉर्बरचा संच) घ्यायचा मोह होईल. पण ती फक्त पार्टची किंमत. फिटिंग आणि अलाइनमेंटला आणखी साठ-सत्तर हजार लागतात, म्हणून तो खर्च पुढच्या बोनसवर ढकलावा. बसवून घेताना भावाने गॅरेजवाल्याला एक गोष्ट आवर्जून विचारावी : आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असताना शेवटचे आवळले का? लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली येताच आर्मच्या सांध्यातल्या बुशचं रबर पिळलं जातं आणि पुढे फाटतं. मग खडखड सुरू होते आणि दोष नव्या कॉइलओव्हरच्या माथी येतो.

उंची बदलली की हेडलाइटची दिशाही पुन्हा लावून घ्यावी. ‘शाकेन’ या जपानमधल्या सक्तीच्या तपासणीत ती बघतात. नव्या गाडीला ती ३ वर्षांनी, पुढे दर २ वर्षांनी असते. गाडीचा तळ जमिनीपासून किमान ९ सेंटिमीटर वर लागतो. काढलेले मूळ पार्ट विकू नयेत, शाकेनसाठी ते परत लावावे लागू शकतात.

प्रश्न : निसान आर३२ जीटी-आर २८० पीएसवरून ४५० वर न्यायचा खर्च टर्बोच्या किमतीच्या कितीतरी पट का होतो?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : कारण टर्बो हा त्यातला एकच पार्ट आहे. मूळ टर्बोंची एक्झॉस्टकडची पंख्याची चाकं सिरॅमिकची असतात. बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) साधारण १ बारच्या पुढे रेटला की ती फुटू शकतात, म्हणून स्टीलची लागतात. हवा वाढली की पेट्रोलही वाढायला हवं : मोठे इंजेक्टर, मोठा पंप आणि त्यानुसार ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) ट्यून. इथे काटकसर केली तर मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), नॉकिंग (पेट्रोलचा अवेळी भडका) होतं आणि पिस्टन जातो. सुरुवातीच्या आर३२ मध्ये क्रँकशाफ्टचा ऑइल पंप फिरवणारा भाग अरुंद आहे. जास्त आरपीएमला पंपाचा गिअर तडकतो, ऑइल प्रेशर जातं आणि बेअरिंगं खलास. इंजिन उघडलंय तेव्हाच हे दुरुस्त करून घेतलं तर पुन्हा उघडायची मजुरी वाचते.

प्रश्न : अशी तयार गाडी जपानहून आणून वाशी आरटीओत नोंदवता येईल का? निदान तिथली ट्यून फाइल (ईसीयूत भरायची सेटिंग) इथे वापरता येईल का?
– एक वाचिका, खारघर

उत्तर : आर३२ तर नाहीच. आयात होणारी जुनी गाडी उत्पादनापासून ३ वर्षांच्या आतली असावी लागते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही कंपनीच्या मूळ रचनेबाहेरच्या बदलांच्या आड येतात. मालकाने केलेल्या अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ट्यून फाइलही आणू नये. जपानमधलं प्रीमियम पेट्रोल साधारण १०० ऑक्टेनचं असतं (ऑक्टेन म्हणजे नॉकिंग रोखायची क्षमता). त्यावर बेतलेलं इग्निशन टायमिंग आपल्याकडच्या ९५ ऑक्टेनवर, त्यातून मे महिन्याच्या उन्हात, नॉकिंगलाच आमंत्रण देतं.