तक्रार केली की घरी फोन जातो का?

"मॅडम, तक्रार केली की कॉलेजातून घरी फोन जातो ना?" खुर्चीत नीट बसण्याआधीच तिने विचारलं. झोप लागत नाही म्हणून ती माझ्याकडे समुपदेशनासाठी आली होती. मूळ प्रश्न हा निघाला. पुण्यात शिकायला आलेल्या मुली मला हा प्रश्न फार वेळा विचारतात.

(तिची ओळख पटेल असे सगळे तपशील मी बदलले आहेत.)

वय 19, गाव लातूरकडे, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी. गॅदरिंगच्या नाटकात होती. सगळे ज्याला दादा म्हणायचे त्या सीनियरने नोव्हेंबरमध्ये तालमीच्या वेळी नको तिथे हात लावला. मग रात्री-बेरात्री मेसेज. शेवटचा 19 डिसेंबरचा. तिने तालमी सोडल्या, मग कँटीन, मग लायब्ररीही. "बाबांना कळलं तर दुसऱ्या दिवशी सामान न्यायला येतील. शिक्षण संपलं माझं."

ती आली तेव्हा मार्चचा दुसरा आठवडा होता. तक्रारीची तीन महिन्यांची मुदत उलटून गेली, असं ती धरूनच चालली होती. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) लैंगिक छळाविरुद्धच्या 2015 च्या नियमांत मुदत तीन महिन्यांचीच आहे, पण त्रास वारंवार झाला असेल तर ती शेवटच्या घटनेपासून मोजतात. सबळ कारण असेल तर कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती आणखी तीन महिने वाढवूनही देऊ शकते. हे ऐकून तिने मोबाइल काढला आणि तारीख पुन्हा पाहिली.

घरच्यांना कळवलंच पाहिजे असं हे नियम कुठेही सांगत नाहीत. ती सज्ञान आहे. तक्रारदाराचं नाव बाहेर फोडायला कायद्याने बंदी आहे. पण एक गोष्ट मी कुणापासूनच लपवत नाही: त्या मुलाला नाव कळतं. तक्रारीची प्रत सात दिवसांत त्याच्याकडे जाते, त्याला उत्तर द्यायला दहा दिवस मिळतात. "सगळं गुप्त राहील" एवढंच सांगून मुलीला समितीपुढे पाठवणं मला फसवणूक वाटते. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याला कळलेलं चालेल. त्याला तर माहीतच आहे."

तक्रार कर, असं मी म्हटलं नाही. तो निर्णय तिचाच. आम्ही फक्त तारीखवार लिहून काढलं: कुठे, केव्हा, जवळ कोण होतं. मेसेज पुसू नकोस, एवढं मात्र बजावलं. समितीत कोण असतं हेही सांगितलं. अध्यक्ष ज्येष्ठ प्राध्यापिका, एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर विद्यार्थी प्रतिनिधीही. प्रतिनिधी म्हटल्यावर ती दचकली. ओळखीचं कुणी निघालं तर? ही भीती खोटी नाही. तसं असेल तर पहिल्याच दिवशी लेखी हरकत घे, असं मी सुचवलं.

17 मार्चला तिने अर्ज दिला. चौकशी सुरू असेपर्यंत त्याने तिच्यापासून लांब राहावं, असं समितीने त्याला बजावलं. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. अजून ती चालू आहे.

मागच्या भेटीत तिने माझ्यासमोरच आईला फोन लावला. मी बाहेर जायला उठले, तर तिने हाताने बसा म्हणून खुणावलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग आईचा आवाज मलाही ऐकू आला: "बाबांना मी सांगते. तू आत्ता काही बोलू नकोस. पेपर कधी आहेत?"