‘येस, आयम’ का चालत नाही?

प्रश्न असा: ‘आर यू रेडी?’ला ‘येस, आयम’ म्हणणं चूक, मग ‘नो, आयम नॉट’ बरोबर कसं? आणि ‘आय डिड कॉल यू’मध्ये तो ‘डिड’ कशाला?

दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, जोर कुठे पडतो ती. ‘आलास का?’ला आपण ‘आलो’ म्हणतो, म्हणजे क्रियापदच परत येतं. इंग्रजीत हे काम साहाय्यक क्रियापद करतं: ‘डिड यू कम?’ – ‘येस, आय डिड’. ‘येस, आय केम’ व्याकरणात बसतं, पण कानाला खटकतं. पुढचं सगळं गाळल्यामुळे वाक्याचा भार ‘डिड’, ‘अ‍ॅम’, ‘हॅज’वर येतो, आणि जोर पडलेला शब्द आखडून बोलता येत नाही. म्हणून ‘येस, आय अ‍ॅम’, ‘येस, शी हॅज’. ‘आयम नॉट’मध्ये जोर ‘नॉट’ने घेतलेला असतो, त्यामुळे ‘अ‍ॅम’ आखडला तरी बिघडत नाही. ‘डोन्ट’, ‘हॅजन्ट’मध्ये तर आखडतो तो ‘नॉट’च.

आता ‘डिड’. कोणी म्हणालं, ‘यू डिडन्ट कॉल मी’, तर ते खोडायला ‘आय डिड कॉल यू’. मराठीत आपण ‘केला होता की फोन!’ म्हणतो; त्या ‘की’चा ठसका इथे ‘डिड’मध्ये आहे. काळ ‘डिड’ने दाखवला की पुढे क्रियापद मूळ रूपातच हवं. ‘डिड कॉल्ड’, ‘डझ नोज’ या हमखास होणाऱ्या चुका. वाक्यात ‘हॅव’, ‘कॅन’ असं साहाय्यक आधीच असेल तर ‘डू’ घुसडायचा नाही, त्याच शब्दावर जोर द्यायचा: ‘आय हॅव पेड!’ ‘बी’चंही (म्हणजे ‘अ‍ॅम’, ‘इज’, ‘आर’चं) तसंच, आज्ञार्थ मात्र अपवाद, ‘डू बी केअरफुल’.

कोणी काही नाकारलेलं नसताना, नुसतं भारदस्त वाटावं म्हणून ‘आय डिड गो टू द बँक’ म्हटलं, तर ऐकणारा गोंधळतो: नाही गेलात असं कोण म्हणालं? १६११च्या इंग्रजी बायबलात ‘दे डिड ईट’ बिनजोराचं येतं, पण ती जुनी धाटणी आहे, आज उचलू नये.

खरी गंमत नकारार्थी प्रश्नात. ‘डोन्ट यू टेक शुगर?’ला आपण ‘हो, नाही घेत’ म्हणून समोरच्याच्या अंदाजाला दुजोरा देतो. इंग्रजीत अंदाज पाहायचा नाही, स्वतःचं क्रियापद पाहायचं: घेत नसाल तर ‘नो, आय डोन्ट’, घेत असाल तर ‘येस, आय डू’. ‘येस, आय डोन्ट’ कधीच नाही. आणि ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’ म्हणजे ‘मी बसलो तर हरकत आहे का?’ याला ‘येस’ म्हटलंत, तर विचारणारा उभाच राहील.