आधी वावर कोणाचं ते विचार

प्रिय बाळा,
सलाम.

तुझं पत्र वाचून रात्री झोप लागली नाही. मंडळीच्या तरुण संघात तू बायबलातल्या नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय काढलास, गहाण पडलेल्या वावरांचा विषय निघाला आणि ‘वचनात राजकारण आणू नका’ म्हणून तुला खाली बसवलं. आता विचारतोस, वचन आध्यात्मिक वाचावं की राजकीय? हा प्रश्नच सोड. आधी वावर कोणाचं ते विचार.

इसवी सनापूर्वी ४४५च्या सुमाराचं यरुशलेम. राज्य इराणच्या बादशहाचं, वर दुष्काळ. लोक आक्रोश करतात : धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकली, राजाचा सारा भरायला कर्ज काढलं, पोरी दास्यात गेल्या, सोडवायच्या कशा, वावर तर दुसऱ्याच्या ताब्यात. सावकार परके नव्हते, भाऊबंदच होते. हे आपल्या गावात कोणाला समजावून सांगावं लागतं का? पण आपल्याकडे नहेम्या म्हटलं की त्यानं बांधून घेतलेली यरुशलेमची भिंत. ५२ दिवसांत भिंत! तिचे दगड वाहणाऱ्यांच्या घरी चूल पेटत नव्हती, हे तुझ्या वयात मला कोणी दाखवलं नाही. ती खंत अजून जात नाही.

मी हे बोललो तेव्हा उपदेशाची पाळी मिळणं बंद झालं. होऊ दे. घरी वाचायला लागलो, कापूस वेचून आलेल्या बायांबरोबर. एकीनं विचारलं, ‘काकाजी, सावकार वावर परत देतो म्हणाले, पण नुसतं तोंडीच का?’ तेव्हा कुठे बारावं वचन नीट पाहिलं : नहेम्या याजकांना बोलावून सावकारांकडून शपथ घेतो. व्यासपीठावरून मला ते कधी दिसलं नसतं.

पण वचनाचं राजकीय पत्रकही करू नको. नहेम्या बादशहाचाच सुभेदार. त्यानं वावरं परत करवली, आपणही उसनं देत होतो हे सांगितलं, १२ वर्षं सुभेदाराचा भत्ता घेतला नाही. राजाचा सारा माफ झाल्याचं मात्र कुठे लिहिलेलं नाही. आणि तेराव्या अध्यायात हाच माणूस परक्या बायका केलेल्यांना मारतो, त्यांचे केस उपटतो. तेही वाच. सोयीचं तेवढं वाचणारे पुष्कळ आहेत, त्यांत तुझी भर नको.

श्रद्धा जाईल म्हणतोस. कशानं जाईल? बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात देव स्वतः सांगतो, जमीन माझी, कायमची विकायची नाही. पन्नासाव्या वर्षी ज्याची त्याला परत. नासरेथच्या सभास्थानात येशूनं प्रभूच्या प्रसादाचं वर्ष वाचून दाखवलं, ते मला याच्यापासून वेगळं काढता येत नाही. यात अध्यात्म कुठे कमी पडलं?

सेमिनरीसाठी, म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजसाठी, पुण्याला जायचं म्हणतोस, जा. १९८३पर्यंत तीच सेमिनरी आपल्या यवतमाळात होती. मन लावून शीक, फक्त वावराचा प्रश्न इथूनच सोबत ने.

कापसाचे चुकारे झाले की ये. आमोस संदेष्ट्याचं पुस्तक काढू. आठवा अध्याय घरून वाचून ये. त्यात वजनाच्या खोट्या काट्याचं आहे.

तुझे,
काकाजी