आधी फिल्मची कड वाच

प्रिय मित्रा,

तू जुन्या मूकपटांची रिळं जमवायला निघालास की ‘नेटवर फुकट दिसतं, मग रीळ कशाला?’ असं घरचे विचारतील. त्यांना रंगवलेल्या मूकपटाची एक पट्टी उजेडासमोर धरून दाखव. रात्रीच्या प्रसंगाला निळी छटा, आगीला लाल, मध्ये कुणीतरी हातानं लावलेला सांधा. हे त्या एका प्रतीचंच असतं. काही मूकपट तर आज केवळ ९.५ मिमी रुंदीच्या घरगुती, संक्षिप्त प्रतींमुळेच उरलेत.

जमवायची सुरुवात या ९.५ मिमीपासूनच कर. पाथे या फ्रेंच कंपनीनं १९२२ मध्ये आणलेली ही फिल्म ॲसिटेटची, सहजी पेट न घेणारी. छिद्र दोन फ्रेमच्या मधोमध असतं, त्यामुळे प्रोजेक्टरचा पंजा (छिद्रात अडकून फिल्म पुढे ओढणारा आकडा) चुकला की थेट चित्रच फाटतं. कडेला खाच दिसली तर फिल्म तुटलीय असं समजू नकोस. फिल्मची बचत व्हावी म्हणून पाटीच्या (संवाद-मजकूर दाखवणाऱ्या चित्राच्या) एक-दोनच फ्रेम छापत, आणि खाच आली की प्रोजेक्टर तिथं आपोआप थबके. स्कॅन केल्यावर ती फ्रेम चार-पाच सेकंद धरून ठेव, नाहीतर पाटी वाचायच्या आत निघून जाते.

थिएटरात चालणारी ३५ मिमी हाती आली तर आधी कड वाच. पारदर्शक कडेवरची काळी अक्षरं त्या फिल्मची स्वतःची, काळ्या कडेवरची पांढरी अक्षरं निगेटिव्हवरून उतरलेली. फिल्मचं वय ठरवताना विश्वास काळ्यांवर ठेव. फिल्म कोणत्या वर्षी बनली ते सांगणाऱ्या कोडॅकच्या खुणा वीस वर्षांनी फिरून येतात: एक गोल म्हणजे १९१६, १९३६ किंवा १९५६. फिल्म नायट्रेट, म्हणजे जुन्या ज्वालाग्राही प्रकारची, असेल तर १९५६ बाद, कारण तोवर कोडॅकनं ती बनवणं थांबवलं होतं.

नायट्रेट मात्र घरात ठेवू नकोस, हे कळकळीनं सांगतो. कुजू लागलेलं रीळ ४१ अंशांच्या आसपास बराच काळ राहिलं तरी आपोआप पेटू शकतं, आणि मे महिन्यात आपलं सोलापूर तो आकडा सहज ओलांडतं. पत्र्याच्या खोलीचं तर विचारूच नको. एकदा पेटलं की पाण्याखालीही जळतं. चिकटपणा, फेस किंवा तपकिरी पूड दिसली तर हात लावू नकोस, एसटीत किंवा रेल्वेत तर मुळीच नेऊ नकोस. आधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला फोन कर.

सेफ्टी, म्हणजे सहजी पेट न घेणारी, ३५ मिमी असली तरी चालवण्याआधी मोज. शंभर छिद्रांचं अंतर नव्या फिल्मवर ४७५ मिमी भरतं. ४७० भरलं तर ती एक टक्का आकसलीय, प्रोजेक्टरचे दात छिद्रं फाडतील.

ठेवायला माळवदाच्या घरातली आतली, कोरडी खोली बरी. डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला तर ते रीळ त्याच दिवशी वेगळं काढ, कारण त्या वाफेनं शेजारची रिळंही बिघडतात.