अपक्षाचं विधेयक अडतं, मग त्यातली कलमं कुठे जातात?

ऑस्ट्रेलियाच्या संसदेतले अपक्ष सदस्य आणि त्यांचं ऊर्जा-हवामान धोरणावरचं काम, या विषयावरच्या पत्रांतून निवडलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न (ठाणे) : मागे पक्ष नाही, सरकारात खातं नाही. असा एकटा अपक्ष देशाच्या हवामान धोरणात नेमकं काय बदलू शकतो? की नुसती भाषणंच करतो?

उत्तर : विधेयक मंजूर झालं की नाही, एवढंच पाहिलं तर उत्तर निराशाजनक येईल. आमच्या मते विचारायचं ते वेगळंच : त्या विधेयकातली कलमं पुढे कुठे गेली?

झाली स्टेगल यांचं उदाहरण घ्या. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीइंगचं कांस्यपदक, नंतर बॅरिस्टर, आणि २०१९ मध्ये सिडनीच्या वॉरिंगा मतदारसंघात माजी पंतप्रधान टोनी अ‍ॅबट यांचा पराभव करून अपक्ष खासदार. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी हवामान बदलाचं विधेयक मांडलं. ब्रिटनच्या २००८ च्या हवामान कायद्याच्या धर्तीवर त्यात पाच गोष्टी होत्या : २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन (जेवढे हरितगृह वायू सोडले तेवढे शोषूनही घ्यायचे), पाच-पाच वर्षांचं उत्सर्जनाचं अंदाजपत्रक (त्या काळात एकूण किती उत्सर्जन चालेल याची मर्यादा), स्वतंत्र आयोग, दर पाच वर्षांनी देशाच्या हवामान-जोखमीचा आढावा, आणि त्या जोखमीला तोंड देण्याची योजना. विधेयक समितीकडे गेलं, सुनावण्या झाल्या, नागरिकांची हजारो निवेदनं आली. समितीत सत्ताधाऱ्यांचं बहुमत होतं आणि तिनं विधेयक मंजूर करू नये अशी शिफारस केली. विधेयक तिथेच थांबलं.

२०२२ मध्ये सत्तांतर झालं आणि लेबर सरकारनं स्वतःचा हवामान बदल कायदा आणला. आता दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचा. २०५० चं निव्वळ शून्याचं लक्ष्य कायद्यात आलं. २००५ च्या पातळीपेक्षा २०३० पर्यंत ४३ टक्के घट, हे लक्ष्य २०२१ ते २०३० या काळाच्या उत्सर्जन-अंदाजपत्रकाच्या रूपातही राबवायचं ठरलं. नवा आयोग मात्र झाला नाही. सल्ल्याचं काम क्लायमेट चेंज अ‍ॅथॉरिटी या आधीपासूनच्या सरकारी संस्थेकडे गेलं. तिचा लक्ष्याबद्दलचा सल्ला मंत्र्यांनी नाकारला, तर त्याची लेखी कारणं संसदेपुढे ठेवावी लागतात. शिवाय दरवर्षी प्रगतीचं निवेदन करणं बंधनकारक झालं. जोखमीच्या आढाव्याचं कलम कायद्यात आलं नाही, पण असा पहिला राष्ट्रीय आढावा सरकारनं सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केला.

हे सगळं एकट्या स्टेगल यांच्यामुळे झालं, असं कुणी म्हणू नये. सत्ताधारी पक्षाच्या जाहीरनाम्यातही लक्ष्य होतंच. पण चर्चेला बसताना तयार मसुदा समोर होता, समितीपुढे झालेल्या साक्षी नोंदीत होत्या, आणि कोणत्या शब्दावर कोण अडतं हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. या तयारीची किंमत बाहेरून दिसत नाही. आम्हाला ती फार मोठी वाटते.

प्रश्न (सिडनी) : आमच्या अपक्ष खासदारानं ऊर्जेवरचं विधेयक मांडलं तेव्हा बातमी आली. नंतर महिनोन्‌महिने काहीच नाही. मधे होतं तरी काय?

उत्तर : बहुतेक वेळा काहीच होत नाही, आणि त्यामागे नियम आहेत. कनिष्ठ सभागृहात अशासकीय विधेयकं, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांची विधेयकं, सोमवारी येतात. सदस्य आधी सूचना देतो, ठरलेल्या सोमवारी विधेयक मांडतो आणि त्याच वेळी जास्तीत जास्त दहा मिनिटं बोलतो. लगेच चर्चा तहकूब होते. पुढची चर्चा कधी, याची शिफारस निवड समिती करते, आणि मतदानाला वेळ द्यायचा का, हे प्रत्यक्षात सरकारच्या हातात असतं. कामकाजाचे सलग आठ सोमवार विधेयक पुकारलं गेलं नाही, तर सभागृहाचे सचिव ते कामकाजपत्रिकेतून काढून टाकतात. ते कुणी फेटाळत नाही, म्हणून बातमीही होत नाही.

दुसरी अडचण पैशाची. सरकारी तिजोरीतून खर्च करायचा प्रस्ताव असेल तर राज्यघटनेच्या ५६ व्या कलमानुसार गव्हर्नर-जनरलचा शिफारस-संदेश लागतो आणि तो सरकारच्या सल्ल्यानंच येतो. म्हणून ‘अमुक कोटी डॉलर सौरऊर्जेला द्या’ असं विधेयक अपक्षाला पुढे नेता येत नाही. त्याला रचना बदलणारं, बंधन घालणारं किंवा आधीच्या योजनेची व्याप्ती वाढवणारं काहीतरी शोधावं लागतं. कसलेला सदस्य मसुदा लिहिण्याआधीच हे तपासतो.

तिसरी अडचण मनुष्यबळाची. २०२२ च्या निवडणुकीनंतर कनिष्ठ सभागृहातल्या अपक्षांना मिळणारे जादा सल्लागार चारांवरून एकावर आले. ऊर्जेची विधेयकं शेकडो पानी असतात; पक्षाच्या सदस्याला त्यांचा गोषवारा पक्षाकडून मिळतो, अपक्षाला पानन्‌पान स्वतःच्या कचेरीत वाचावं लागतं. ही कपात आम्हाला चुकीची वाटते.

म्हणून अपक्षाचं खरं काम सरकारी विधेयकावरच्या दुरुस्त्यांत शोधा. दुसरं वाचन झालं की तपशीलवार विचाराचा टप्पा येतो. तिथे दुरुस्ती लेखी द्यावी लागते : कोणतं कलम, कोणतं पान, कोणती ओळ, कोणता शब्द काढायचा, कोणता घालायचा. सगळा जोर बहुधा एकाच क्रियापदावर असतो. ‘मंत्री करू शकतील’ याऐवजी ‘मंत्र्यांनी करावंच’ असं झालं की कायद्याचा स्वभाव बदलतो. दुरुस्ती आयत्या वेळी वाटली तर सरकारचे मसुदाकार ती तपासू शकत नाहीत आणि ‘हेतू चांगला आहे, पण’ म्हणून ती पडते. आदल्या आठवड्यात मंत्र्यांच्या कचेरीशी शब्दन्‌शब्द ठरवून आणलेली दुरुस्ती अनेकदा चर्चेविनाही मंजूर होते.

प्रश्न (मेलबर्न) : घरगुती बॅटरीवरची सवलत मूळ एका अपक्ष खासदाराची कल्पना, असं ऐकलं. खरं आहे का? आणि सवलत मोजायची कशी?

उत्तर : व्हिक्टोरियाच्या ईशान्य भागातल्या इंडी मतदारसंघाच्या अपक्ष खासदार हेलन हेन्स यांनी २०२२ मध्ये ‘चीपर होम बॅटरीज’ नावाचं विधेयक मांडलं होतं. वर सांगितलेली पैशाची अडचण त्यांनी कशी ओलांडली ते पाहण्यासारखं आहे. त्यांनी नवा निधी मागितला नाही. छपरावरच्या सोलर पॅनेलना २००० च्या अक्षय वीज कायद्याखाली प्रमाणपत्रं मिळतातच; त्याच योजनेत बॅटरी घाला, एवढंच सुचवलं. पॅनेलची प्रमाणपत्रं वीज विकणाऱ्या कंपन्यांना विकत घ्यावी लागतात, म्हणून त्यांचा भार त्या कंपन्यांवर असतो. विधेयक पुढे गेलं नाही. १ जुलै २०२५ पासून सरकारनं त्याच नावाची आणि त्याच प्रमाणपत्र-पद्धतीची योजना सुरू केली. फरक असा की बॅटरीच्या प्रमाणपत्रांचा खर्च सरकारनं स्वतःकडे घेतला आणि सुरुवातीला त्यासाठी २.३ अब्ज डॉलर ठेवले. जे अपक्षाला मागता येत नव्हतं, ते सरकारला देता आलं.

आता हिशेब. योजना सुरू झाली त्या २०२५ च्या नियमांनुसार बॅटरीच्या वापरण्याजोग्या क्षमतेच्या दर किलोवॉट-तासाला ९.३ प्रमाणपत्रं. १० किलोवॉट-तासांना ९३. प्रमाणपत्राचा सरकारी क्लिअरिंग हाउसमधला (प्रमाणपत्रांच्या खरेदी-विक्रीच्या केंद्रातला) भाव ४० डॉलर, म्हणजे वरची मर्यादा ३,७२० डॉलर. बसवणारी कंपनी प्रमाणपत्रं स्वतःकडे घेऊन बिलात सूट देते आणि आपला खर्च कापते, त्यामुळे हाती थोडं कमी येतं. बॅटरी ५ ते १०० किलोवॉट-तासांची हवी आणि प्रमाणपत्रं पहिल्या ५० किलोवॉट-तासांपर्यंतच. प्रमाणपत्रांचा दर पुढे टप्प्याटप्प्यानं उतरणारा आहे, तेव्हा बसवण्याच्या तारखेचा दर विचारून घ्या.

गफलत होते ती क्षमतेच्या आकड्यात. जाहिरातीतला आकडा अनेकदा एकूण क्षमतेचा असतो, सवलत वापरण्याजोग्या क्षमतेवर. कोटेशनमध्ये दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून मागा. बॅटरीचं मॉडेल मान्य यादीत आहे का आणि बसवणारा अधिकृत आहे का, हे सही करण्याआधी पाहा. यातलं एक जरी चुकलं तरी प्रमाणपत्रं मिळत नाहीत. सोबत नवी किंवा आधीची सोलर यंत्रणा हवीच.

प्रश्न (नाशिक) : अपक्षाचं वजन शेवटी मतांच्या गणितावरच ना? गणित बदललं की सगळं वाहून जातं का?

उत्तर : वजन गणितावर, हे खरं. २०१० च्या त्रिशंकू संसदेत न्यू साउथ वेल्सचे टोनी विंडसर आणि रॉब ओकशॉट हे दोन अपक्ष, पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांच्या अध्यक्षतेखालच्या बहुपक्षीय हवामान समितीत बसले. तिथे ठरलेला कायदा १२ ऑक्टोबर २०११ रोजी कनिष्ठ सभागृहात ७४ विरुद्ध ७२ मतांनी मंजूर झाला. ही दोन मतं पलीकडे गेली असती तर कायदा पडला असता. २०२२ च्या सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, लेबरचे २६ आणि ग्रीन्स या पर्यावरणवादी पक्षाचे १२ मिळून ३८. ७६ जणांच्या सभागृहात बहुमताला ३९ लागतात. उजव्या विरोधकांनी विरोध केला की कॅनबेराचे अपक्ष सिनेटर, रग्बीचे माजी कर्णधार डेव्हिड पोकॉक यांच्या मताला एकदम भाव येई. २०२५ च्या निवडणुकीनंतर लेबर आणि ग्रीन्स मिळूनच ३९ होतात. तेच सिनेटर, तोच अभ्यास, पण वजन उतरलं.

वाहून काय गेलं ते मात्र नीट पाहा. २०११ च्या कायद्यानं १ जुलै २०१२ पासून उत्सर्जनाच्या टनामागे २३ डॉलर कार्बनचा दर लावला; जुलै २०१४ मध्ये पुढच्या सरकारनं तो रद्द केला. त्याच तडजोडीतून उभ्या राहिलेल्या संस्था टिकल्या : स्वच्छ ऊर्जेला कर्ज देणारं, १० अब्ज डॉलरचं महामंडळ, अक्षय ऊर्जेच्या संशोधनाला पैसा पुरवणारी ‘अरेना’, आणि तीच क्लायमेट चेंज अ‍ॅथॉरिटी, जिच्यावर २०२२ चा कायदा उभा आहे. दर रद्द करणं राजकीयदृष्ट्या सोपं होतं, कारण तो वीजबिलात दाखवता येत होता. कर्ज देऊन व्याजासह परत घेणारी संस्था मोडणं तितकं सोपं नव्हतं.

विंडसर यांचा आणखी एक वारसा आहे. मोठ्या कोळसा खाणी आणि कोळशाच्या थरांतून वायू काढण्याचे प्रकल्प पाण्यावर काय परिणाम करतील, याची केंद्रीय तपासणी २०१३ मध्ये पर्यावरण कायद्यात आली. ही मंजुरी राज्यांच्या हाती सोपवता येऊ नये, यासाठी ते अडून बसले. शेतीच्या भागातून आलेल्या सदस्याला भूजल कळत होतं, म्हणून ते कलम इतकं नेमकं आहे.

प्रश्न (ब्रिस्बेन) : आपल्या खासदारानं कोणत्या बाजूनं मत दिलं, ते कसं पाहायचं?

उत्तर : संसदेच्या संकेतस्थळावर विधेयकाचं पान उघडा, दुरुस्त्यांचे कागद तिथेच मिळतात, आणि त्या तारखेच्या ‘हॅन्सार्ड’मध्ये, म्हणजे कामकाजाच्या अधिकृत वृत्तांतात, मतविभाजनाची नावं. आवाजी मतदानात नावं नोंदली जात नाहीत. एक नियम अपक्षांच्या बाबतीत महत्त्वाचा आहे : कनिष्ठ सभागृहात एका बाजूला चार किंवा कमी सदस्य असतील तर पूर्ण मोजणी होत नाही, पण त्यांची नावं नोंदली जातात. लेखी प्रश्नाला ६० दिवसांत उत्तर आलं नाही, तर सदस्य अध्यक्षांना मंत्र्यांकडे पत्र पाठवायला सांगू शकतो. खासदाराला भेटाल तेव्हा हे करायला लावा.

नियमांकडेही लक्ष ठेवा. वर्षाला एक लाख टनांपेक्षा जास्त उत्सर्जन करणाऱ्या कारखान्यांची मर्यादा २०३० पर्यंत दरवर्षी ४.९ टक्क्यांनी घटवण्याचा तपशील मूळ कायद्यात नसून त्याखालच्या नियमांत आहे. असे नियम पटलावर ठेवल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत कोणीही सदस्य ते नामंजूर करण्याची सूचना देऊ शकतो. ही मुदत चुकली की संधी गेली.

प्रश्न (सांगली) : २०२४ मध्ये आम्ही अपक्ष खासदार निवडून दिला. लोकसभेत असं काम होऊ शकतं का?

उत्तर : विधेयकाच्या वाटेनं फार थोडं. अशासकीय कामकाजाला शुक्रवारचे शेवटचे अडीच तास, क्रम चिठ्ठीनं, खर्च असेल तर कलम ११७ नुसार राष्ट्रपतींची शिफारस. असं शेवटचं विधेयक १९७० मध्ये कायदा झालं. प्रश्नाची वाट मात्र खुली आहे. किमान १५ पूर्ण दिवस आधी सूचना, १५० शब्दांच्या आत. ‘सौरऊर्जेला प्रोत्साहन देणार का?’ असं विचारलं तर ‘होय’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी असं विचारायला सांगा : पीएम सूर्यघर योजनेत सांगली जिल्ह्यातून आजवर किती अर्ज आले, किती घरांवर यंत्रणा बसली, किती जणांना अनुदान पोचलं, नेट मीटर बसवण्यासाठी किती अर्ज तीस दिवसांहून जास्त काळ अडले आहेत, आणि त्याची कारणं काय? अतारांकित प्रश्न म्हणून दिला तर उत्तर लेखी येतं, आणि आकड्यांसह येतं.