सकाळी तीन, संध्याकाळी चार

प्रश्न असा: ‘चाओ सान मू स’ (सकाळी तीन, संध्याकाळी चार) या चिनी वाक्प्रचाराचा आजचा अर्थ ‘धरसोड करणारा’, पण गोष्ट तर माकडांना फसवल्याची. हे जुळतं कसं?

आधी ही गोष्ट सांगणाऱ्या चिनी तत्त्वज्ञाला ‘झुआंगझी’ म्हणणं थांबवा. रोमन ‘झेडएच’ दिसलं की झ लिहायचा, ही खोड इंग्रजीमार्गे आलेली. पहिला ध्वनी ‘चहा’तल्या च च्या जवळचा, शेवटचा ‘चाक’मधल्या च चा. दोन्ही आपल्या घरचे असताना झ ची उसनवारी कशाला? मी च्वांगत्स लिहितो.

इ.स.पू. चौथ्या शतकातल्या त्याच्या ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणात माकडवाला ओकची फळं वाटताना म्हणतो, सकाळी तीन, संध्याकाळी चार. माकडं खवळतात. बरं, मग सकाळी चार, संध्याकाळी तीन. माकडं खूश. तीन काय नि चार काय, हे मुळात नाही; भाष्यकार स्समा प्याओ (मृत्यू इ.स. ३०६) ‘शंग’ हे माप घालतो, म्हणजे अंदाजे २०० मिली. कसंही वाटा, एकूण सात शंग, जेमतेम दीड लिटर. यात फसवणूक कुठे? च्वांगत्स स्वतःच म्हणतो की नावात वा वस्तूत काहीच घटलं नाही. माकडवाल्याने हट्ट सोडला, इतकंच. फसवणूक आली ती ‘लिएत्स’ या ग्रंथात. तिथे खाणं कमी पडलेलं, आणि ‘ज्ञानी मूर्खांना असंच कोंडतो’ हे तात्पर्य वर चिकटवलेलं. व्याख्यानांतून तेच च्वांगत्सच्या नावावर खपवतात.

खरी गंमत पुढच्याच वाक्यात आहे आणि नेमकं तेच गाळलं जातं. ज्ञानी माणूस ‘थ्येन च्युन’वर विसावतो. च्युन म्हणजे कुंभाराचं चाक. तर हे आकाशाचं चाक. सातव्या शतकातला भाष्यकार छंग श्वानयिंग इथे ‘निसर्गाची समता’ असं गुळमुळीत काहीतरी वाचतो. त्याने तत्त्वज्ञ मोत्सचा ग्रंथ उघडायला हवा होता! नियतीवादाच्या खंडनात मोत्स म्हणतो, कसोटी न ठरवता बोलणं म्हणजे फिरत्या च्युनवर सकाळ-संध्याकाळ ठरवणं. सकाळ-संध्याकाळ म्हणजे इथे पूर्व-पश्चिम. काठी रोवून सावलीवरून दिशा पक्क्या करायच्या. चाक फिरतं असेल तर खूण टिकणार कशी? आता च्वांगत्स पाहा. तेच चाक, तीच सकाळ-संध्याकाळ, आणि कन्फ्यूशियसच्या व मोत्सच्या अनुयायांची ‘हे खरं, ते खोटं’ ही भांडणं याच प्रकरणात आधी निकालात काढलेली. माझं ठाम मत, हा मोत्सला काढलेला चिमटा आहे. ज्या चाकावर मोत्सला काही ठरवता येत नाही, त्याच चाकावर च्वांगत्स ज्ञानी माणसाला बसवतो. योगायोग म्हणणाऱ्यांनी दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाचावेत.

हां, धरसोड. ती बहुधा ‘चाओ छिन मू छू’ (सकाळी छिन राज्याकडे, संध्याकाळी छूकडे) या शेजारच्या वाक्प्रचाराकडून लागली. साचा एकच, त्यामुळे माकडं विसरली गेली. चिनीत आज सारखी नोकरी किंवा जोडीदार बदलणाऱ्याला हेच म्हणतात. जपानीतला ‘चोसान बोशी’ मात्र अजून फसगतीचाच. सकाळचा हुकूम संध्याकाळी फिरवणाऱ्यासाठी तिथे ‘चोरेइ बोकाइ’ हा वेगळा शब्द आहे, आणि या दोहोंची गल्लत जपानी लोकही करतात.