फॅटी लिव्हर, जनुकं आणि यकृताचा कर्करोग: वाचकांचे प्रश्न

वडील ६३व्या वर्षी यकृताच्या कर्करोगाने गेले. ते दारूला शिवतही नव्हते. आता माझ्या सोनोग्राफीत ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ आलं आहे. मलाही कर्करोग होणार का?

आधी वडिलांचे जुने कागद शोधा. त्यात तीन गोष्टी बघायच्या: सिरोसिस (जखमांच्या वणांनी यकृत कडक होणं) होता का, हिपॅटायटिस बी किंवा सी होता का, आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची खूण) वाढलेलं होतं का. घरातल्या दोघा-तिघांना यकृताचा कर्करोग झाला की दोष जनुकांवर टाकला जातो, पण पुष्कळदा त्यामागे आईकडून मुलांकडे आलेला हिपॅटायटिस बी निघतो. त्यामुळे एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही या दोन रक्तचाचण्या एकदा कराच. वडिलांचं फेरिटिन वाढलेलं असेल तर स्वतःचं फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही तपासा, कारण शरीरात लोह साठण्याचा विकार खरोखर वारशाने येतो.

वडिलांना फॅटी लिव्हरमधूनच सिरोसिस झाला असेल, तर तुमची तपासणी गंभीरपणे व्हायला हवी. अशा रुग्णांच्या आई-वडिलांत, भावंडांत आणि मुलांत यकृतावर पुढच्या टप्प्याचे व्रण (फायब्रोसिस, म्हणजे जखमांचे कडक वण) असण्याचा धोका सुमारे १२ पट असल्याचं २०१७ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. तपासायचे ते व्रण. सोनोग्राफीतला ‘ग्रेड’ फक्त चरबी किती ते सांगतो, व्रणांबद्दल काहीच सांगत नाही. ग्रेड ३ असूनही यकृत मऊ असू शकतं आणि ग्रेड १ च्या मागे सिरोसिस दडलेला असू शकतो, कारण सिरोसिस पुढे सरकतो तशी चरबी अनेकदा कमी होत जाते.

मग व्रण आहेत की नाहीत हे घरबसल्या कळतं का?

अंदाज येतो. नेहमीच्या रक्तचाचण्यांवरून फिब-४ हा व्रणांचा अंदाज देणारा आकडा काढा. त्यातली एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताच्या रक्तचाचणीतली दोन एन्झाइम. वय गुणिले एसजीओटी हे वरती. खाली प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. समजा वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १ लाख ८० हजार. वरती ५२ × ४८ = २४९६. खाली १८० × ८ (६४ चं वर्गमूळ) = १४४०. उत्तर १.७३.

प्लेटलेट हजारांत घ्यायच्या, म्हणजे १ लाख ८० हजारांचे १८०. हिशोब चुकतो तो बहुधा इथेच.

१.३ च्या खाली आकडा आला तर पुढच्या टप्प्याचे व्रण असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर असेल तर यकृततज्ज्ञाला दाखवा. मधला असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी. वय ६५ च्या पुढे असेल तर खालची मर्यादा २ धरतात, नाहीतर नुसत्या वयामुळेच आकडा फुगतो. पस्तिशीच्या आत ही चाचणी फारशी भरवशाची नाही. ताप येऊन प्लेटलेट उतरल्या असतील किंवा आदल्या दिवशी जिममध्ये अंग पिळून काढलं असेल, तर तेव्हाचा रिपोर्ट या हिशोबाला वापरू नका. स्नायूंमधूनही एसजीओटी रक्तात येतं.

फायब्रोस्कॅनला किमान तीन तास उपाशीपोटी जा. जेवणानंतर यकृतातला रक्तप्रवाह वाढतो आणि ते असल्यापेक्षा कडक भासतं. ८ किलोपास्कलच्या खाली आलं तर सहसा चिंता नाही. १२ च्या वर गेलं तर पुढच्या टप्प्याचे व्रण असण्याची दाट शक्यता.

मी हौसेने जनुकीय चाचणी केली. रिपोर्टमध्ये ‘पीएनपीएलए३, आय१४८एम, जीजी, धोका जास्त’ असं आहे. झोप उडाली आहे.

पीएनपीएलए३ हे जनुक २२व्या गुणसूत्रावर असतं. त्यातल्या एका जागी सी ऐवजी जी हे डीएनएचं अक्षर आलं, की त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाच्या १४८व्या कडीवर आयसोल्युसिनऐवजी मिथायोनिन बसतं. फॅटी लिव्हरशी याचा संबंध २००८ मध्ये पुढे आला. बदललेलं प्रथिन यकृतपेशीतल्या चरबीच्या थेंबांवर चिकटून राहतं. पेशीची सफाईयंत्रणा एरवी ते मोडीत काढते, पण या रूपाला तिला नीट हात घालता येत नाही. ते साचत जातं आणि चरबी विरघळवणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमचा मदतनीसही अडवून धरतं. चरबी अडकते, आणि पुढे दाह आणि व्रण होण्याकडे कल वाढतो.

तुमच्याकडे आई आणि वडील दोघांकडूनही जी आला आहे. २०१४ च्या एका युरोपीय अभ्यासात फॅटी लिव्हर असलेल्या जीजी व्यक्तींमध्ये कर्करोगाची शक्यता सीसी (दोघांकडूनही सी आलेल्या) व्यक्तींच्या सुमारे पाचपट दिसली. सिरोसिस, वय, वजन, मधुमेह हे सगळं हिशोबात धरूनही हा फरक उरला, म्हणजे जनुकाचा परिणाम खरा आहे.

पण पाचपट म्हणजे कशाच्या पाचपट? अमेरिकी माजी सैनिकांच्या एका मोठ्या पाहणीत फॅटी लिव्हर असलेल्या १०,००० जणांमागे वर्षाला सुमारे २ जणांना हा कर्करोग झाला. सिरोसिस झालेल्यांत तो आकडा १०० च्या वर होता. दोनाचे ढोबळमानाने दहा केले तरी उरलेल्या ९,९९० जणांना त्या वर्षी काही झालेलं नसतं. जनुकाने पाचपट आणि सिरोसिसने पन्नासपट, या दोन आकड्यांत झोप उडवण्याजोगा दुसरा आहे. रिपोर्टवर लाल अक्षरात छापलेला मात्र पहिला असतो.

म्हणून क्रम उलटा करा: आधी फिब-४, लागल्यास फायब्रोस्कॅन, आणि मग तुमच्या जीजीला काय वजन द्यायचं ते ठरवा. फॅटी लिव्हरच्या प्रत्येक रुग्णाने ही जनुकीय चाचणी करावी असं आजच्या मार्गदर्शक सूचना सांगत नाहीत. आमच्या मते सरसकट करूही नये. उपयोग होतो तो निवडक ठिकाणी: सडपातळ माणसात कारण न सापडणारे व्रण, किंवा एकाच घरात अनेकांना सिरोसिस.

रिपोर्टच्या पुढच्या पानावर एचएसडी१७बी१३ हे जनुक असेल तर तेही वाचा. त्याचं एक रूप यकृताला संरक्षण देतं आणि पीएनपीएलए३ ची धार काही प्रमाणात बोथट करतं. एकाच जनुकाची ओळ वाचून निष्कर्ष काढण्यात चूक होते ती यामुळेच.

माझं वजन, साखर, कोलेस्टेरॉल सगळं नॉर्मल. तरी फॅटी लिव्हर कसं?

टीएम६एसएफ२ या जनुकाचा एक प्रकार याचं कारण असू शकतो. यकृत चरबीचे गठ्ठे बांधून रक्तात पाठवतं. या प्रकारात ती पाठवणी मंदावते. रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी राहतं, हृदयाला थोडा फायदाच होतो, आणि माल मात्र गोदामात पडून राहतो. तेव्हा चांगला लिपिड प्रोफाइल हा यकृताचा दाखला समजू नका. कंबरेचा घेर मोजा, कारण सडपातळ दिसणाऱ्यांतही पोटाच्या आतली चरबी जास्त असू शकते.

आईच्या गाठीच्या तपासणीत ‘टर्ट प्रमोटर म्युटेशन’ आलं आहे. आम्हा मुलांनी चाचणी करावी का?

नाही. टर्ट या जनुकाच्या नियंत्रक भागातला हा बदल बहुतेक वेळा फक्त गाठीच्या पेशींत, आयुष्यात नंतर घडलेला असतो. यकृताच्या कर्करोगात तो सर्वांत जास्त सापडणाऱ्या बदलांपैकी आहे. तो मुलांकडे जात नाही. वारशाचं काही असलं तर ते रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यात शोधतात. तुमचं काम वरच्या पहिल्या उत्तरातलंच.

जनुकीय धोका आहे, सिरोसिस नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करू का?

फक्त जनुकांसाठी नको. सिरोसिस असेल तर मात्र दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि सोबत एएफपी ही रक्तचाचणी चुकवू नका. गाठ लहान असताना सापडली तर शस्त्रक्रिया, जाळून काढणं किंवा प्रत्यारोपण यांपैकी काहीतरी शक्य असतं. एएफपी २० च्या वर गेलं किंवा वाढत चाललं तर सीटी किंवा एमआरआय करतात. नॉर्मल एएफपीवर एकट्याने विसंबू नका, बऱ्याच लहान गाठी ते वाढवतच नाहीत.

फॅटी लिव्हरच्या अनेक कर्करोगांत सिरोसिस नसतो, हे खरं. पण ते विखुरलेले असतात अशा प्रचंड मोठ्या संख्येत, की सगळ्यांची सोनोग्राफी करत बसलं तर खऱ्या गाठींपेक्षा निरुपद्रवी ठिपकेच जास्त हाती लागतात आणि त्यांच्यामागे सीटी, सुई, धास्ती. सिरोसिसच्या अलीकडचे, म्हणजे एफ३ टप्प्याचे व्रण असतील तर मात्र प्रश्न खुला आहे. तिथे मधुमेह, वय आणि जीजी यांचा एकत्र विचार करून तज्ज्ञ सहामाही तपासणी सुरू करू शकतात.

स्थूल व्यक्तीच्या सोनोग्राफी अहवालात ‘यकृत नीट दिसलं नाही’ असा शेरा असेल, तर ‘गाठ नाही’ या ओळीला फार अर्थ नसतो. तसं असेल तर डॉक्टरांना एमआरआय किंवा सीटीबद्दल विचारा.

जनुकंच वाईट असतील तर वजन उतरवून काय फायदा?

उलट. एका छोट्या अभ्यासात ६ दिवसांच्या कमी कर्बोदकांच्या आहाराने जीजी गटाच्या यकृतातली चरबी सुमारे ४५ टक्के उतरली, सीसी गटाची १८ टक्के. लठ्ठपणा या जनुकाचा परिणाम वाढवतो, म्हणून वजन उतरलं की जीजीवाल्याच्या पदरात जास्त पडतं.

शरीराच्या वजनाच्या ५ टक्के उतरले तर चरबी कमी होते, ७ ते १० टक्क्यांत दाह शमतो आणि १० टक्क्यांपुढे व्रणही मागे हटू लागतात. ८० किलोच्या माणसाला ८ किलो, तेही वर्षभरात हळूहळू. दारूच्या बाबतीत जीजी असलेल्याने ‘थोडी चालते’ हे गणित मांडूच नये, कारण दारू आणि हे जनुक एकमेकांचं नुकसान वाढवतात. मधुमेह असेल तर औषधं ठरवताना यकृताचा रिपोर्ट डॉक्टरांसमोर ठेवा: सेमाग्लुटाइड या मधुमेहाच्या औषधाला २०२५ मध्ये अमेरिकेत मध्यम ते पुढच्या टप्प्याच्या व्रणांसह दाह असलेल्या फॅटी लिव्हरसाठीही मान्यता मिळाली, पण सिरोसिस झालेल्यांचा त्यात समावेश नाही. वर्षाने फिब-४ पुन्हा काढा आणि जुन्या आकड्याशेजारी लिहून ठेवा. जनुकाची चाचणी मात्र पुन्हा करायची नाही, तिचं उत्तर बदलत नसतं.